लिनक्स मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह: विंडोज उठेना पण फायली बाहेर निघाल्या (५ पैकी ४ स्टार)

लिनक्सचं नाव काढलं की लोकांना वाटतं आता ही विंडोज सोडा म्हणून मागे लागणार. तसं काही नाहीये, मी रोज विंडोजच वापरते. मिंट हा लिनक्सचाच एक प्रकार, लॅपटॉपवर न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालतो (यालाच 'लाइव्ह' म्हणतात), आणि हा रिव्ह्यू त्याच्या एकाच कामाचा आहे: लॅपटॉप बूट होत नाही, आत सगळे फोटो आणि कामाच्या फायली आहेत, आणि बॅकअप... जाऊ दे, बॅकअपबद्दल बोलून झालंय घरच्यांचं.

माझ्याकडे काय व्हायचं, तर लोगो यायचा, खाली ते गोल गोल फिरायचं, मग 'ऑटोमॅटिक रिपेअर', मग रीस्टार्ट, परत तेच. आधी साधं करून बघितलं, चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, माऊस, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड सगळं उपसून काढलं (हसू नका, जुना पेनड्राइव्ह तसाच लावलेला राहतो आणि लॅपटॉप त्याच्यावरूनच बूट व्हायला बघतो). काही फरक नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो फॉरमॅट मार. विंडोजच्या रिसेटमधला 'कीप माय फाइल्स' समोर दिसत होता, तो युजरचं फोल्डर ठेवतो आणि सॉफ्टवेअर उडवतो हे खरं, पण बिघाड विंडोजचा आहे की डिस्कचा हेच माहीत नसताना त्या डिस्कवर एवढी लिहालिही कशाला करायची? चेकडिस्कचंही (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) तेच, शेवटचे आचके देणाऱ्या डिस्कवर ते दुरुस्तीच्या नावाखाली आणखी उलथापालथ करतं. म्हणून ठरवलं, आधी फायली बाहेर, दुरुस्तीचं नंतर बघू.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मिंटची आयएसओ (अख्खी सिस्टिम असलेली एकच फाइल) उतरवली, साधारण ३ जीबीची आहे, आणि रूफस नावाच्या, बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकली. रूफस पेनड्राइव्ह पूर्ण पुसतो, त्यामुळे आत काही ठेवणीतलं नाही ना ते बघा. मग लॅपटॉप चालू करताना बूट मेनूची की, कुठे एफ१२, कुठे एफ९, कुठे एस्केप, माझ्याकडे तिसऱ्या प्रयत्नात लागली. आणि खरं सांगते, डेस्कटॉप समोर आल्यावर मला इतकं बरं वाटलं, कारण म्हणजे स्क्रीन, रॅम, कीबोर्ड सगळं ठीक आहे आणि दुखणं डिस्कमध्ये नाहीतर विंडोजमध्ये. सगळं पेनड्राइव्ह आणि रॅममधून चालतं, तुम्ही स्वतः काही केल्याशिवाय आतल्या डिस्कवर काही बसवलं जात नाही.

आता खरी गंमत. डिस्कवर क्लिक केलं तर पासवर्ड मागितला. मी कधी लावलाच नव्हता! हे बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं आणि आपल्याला पत्ता नसतो. इथे ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती मोबाइलवरून त्याच अकाउंटमध्ये जाऊन मिळाली, मधल्या डॅशसकट टाकली, ड्राइव्ह उघडला. ही की कुठेच नसेल तर मिंट काय कोणीच काही करू शकत नाही, त्यामुळे लॅपटॉप धडधाकट आहे तोवर ती कागदावर उतरवून ठेवा. आणि बायोसमध्ये (लॅपटॉपच्या विंडोजच्याही आधीच्या मूळ सेटिंग्ज) उगाच सिक्युअर बूट वगैरे चालू-बंद करू नका, मग विंडोजही तीच की मागत बसतं.

कॉपी करताना शहाणपणा एकच, सगळ्यात मौल्यवान आणि लहान ते आधी. मी डेस्कटॉप फोल्डर उघडलं तर रिकामं, पोटात गोळाच आला, नंतर कळलं की वनड्राइव्हने (मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन स्टोरेज) ते आपल्या फोल्डरमध्ये हलवलं होतं, तिथे सगळं होतं. पण त्यातल्या ज्या फायली फक्त ऑनलाइन ठेवलेल्या असतात त्या इथे नुसत्या नावाला दिसतात, उघडत नाहीत, त्या वेबसाइटवरून घ्यायच्या. ब्राउझरचंही असंच, फायरफॉक्सचं प्रोफाइल फोल्डर उचललं की पासवर्ड बरोबर येतात (कंट्रोल एच दाबलं की लपवलेली फोल्डर दिसतात), क्रोमचे येत नाहीत, ते विंडोजच्या लॉगिनशी बांधलेले असतात. बाहेरची डिस्क फॅट३२ या जुन्या प्रकारात फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीच्या वरचा व्हिडिओ जात नाही, एक्सफॅट करून घ्या, अर्थात रिकामी असताना.

फोटोंच्या फोल्डरमध्ये दोन ठिकाणी 'इनपुट-आउटपुट एरर' आला आणि तिथेच कळलं की विंडोज बिचारं निर्दोष होतं. असा एरर आला की परत परत कॉपी मारत बसू नका. तिथे थांबून मी डीडीरेस्क्यू (खराब डिस्कची प्रत काढणारं सॉफ्टवेअर) घातलं, ते लाइव्हमध्येही इन्स्टॉल होतं, आधी चांगला भाग उचलतं, खराब जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी परत तिथे प्रयत्न करतं, आणि मॅप फाइल (कुठवर काम झालं याची नोंद) दिली असेल तर मध्येच बंद पडलं तरी तिथून पुढे सुरू. फक्त मूळ डिस्कपेक्षा जास्त मोकळी जागा असलेली दुसरी डिस्क हवी आणि रात्रभराचा धीर हवा. कुठून कुठे कॉपी करायचं ते नाव तीनदा वाचा, उलटं झालं तर संपलं. आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि कटकट आवाज करत असेल तर यातलं काहीच करू नका, बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

एक स्टार का कापला? डेस्कटॉपवरच 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असा आयकॉन ठेवलाय, घाबरलेला माणूस त्यावर दोनदा क्लिक करून पुढे पुढे करत गेला तर अख्खी डिस्क पुसून बसेल. शिवाय काही लॅपटॉपवर स्टोरेज आरएसटी मोडमध्ये (इंटेलची डिस्क हाताळायची एक पद्धत) असलं की मिंटला डिस्कच दिसत नाही, नवख्याला वाटणार डिस्क गेली. आणि विंडोज नीट बंद झालेलं नसेल तर ड्राइव्ह कधी कधी नुसता वाचण्यापुरता उघडतो, तो मेसेज बघून मी उगाच अर्धा तास डोकं खाजवलं, खरं तर आपल्याला वाचायचंच तर असतं.

ते दोन फोटो सोडून सगळं मिळालं. एसएसडी बदलली, विंडोज नव्याने टाकलं, आणि पेनड्राइव्हवर 'पुसू नये' अशी चिठ्ठी लावलीये, कारण घरात कोणाला ना कोणाला गाणी भरायला पेनड्राइव्ह हवाच असतो.