लिमोंचेल्लो: फ्रीझरमध्ये ठेवायची बाटली

लिमोंचेल्लो या इटालियन मद्याच्या पहिल्या घोटाला बहुतेकांची फसगत होते. लिंबाचं म्हणून जीभ आंबटाची वाट बघते आणि येतं ते गोड. लिमोंचेल्लोत लिंबाचा रस नसतोच. इटलीत सोरेंतो-अमाल्फीकडच्या मोठ्या लिंबांची फक्त पिवळी साल ९५-९६ टक्क्यांच्या स्पिरिटमध्ये मुरवतात, मग साखरेचा पाक घालतात. पाक पडला की अल्कोहोल उतरतं, सालीतलं तेल विरघळलेलं राहत नाही आणि सगळं दुधाळ होतं. त्यामुळे फिकट, किंचित गढूळ रंग ही चांगली खूण. झगझगीत पिवळं दिसलं तर लेबलवर ई-१०२ हा कृत्रिम पिवळा रंग शोधा. बाटलीच्या गळ्याशी तेलाचं कडं जमलं तर माल खराब समजू नका, बाटली हलवा.

ब्रँड दोन: पालिनी २६ टक्के अल्कोहोलची, विला मासा ३० ची. तांबड्या रश्श्याच्या जेवणावर ३० चीच बरी; २६ मध्ये गोडी जरा पुढे येते. सांगली-मिरजेच्या वाइन शॉपमध्ये दरवेळी मिळेलच असं नाही. परदेशातून येणाऱ्याला ड्यूटी-फ्रीमधून आणायला सांगा, माणशी २ लिटरची मर्यादा आहे.

खरी गंमत गारव्याची. उणे १८ अंशांवरही ३० टक्क्यांची बाटली गोठत नाही, नुसती दाट होते. ग्लास कलता केला की काचेवरून सावकाश उतरते. मे महिन्यात सांगलीत हीच बाटली टेबलावर राहिली तर थोड्याच वेळात खोकल्याचं औषध! ओतली की लगेच परत आत. कटिंगचा जाड ग्लास अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून त्यात ३०-४० मिली पुरे. बर्फ टाकू नका, पाणचट होते. लाइट गेली तरी काळजी नको, साखर आणि अल्कोहोल असल्याने नासत नाही.

श्रीखंड-बासुंदीसोबत अजिबात नको. लांब ग्लास हवा असेल तर एकास तीन सोडा आणि वर अर्धं कागदी लिंबू पिळा. बाटलीत नसलेला आंबटपणा तिथून येतो.

घरी करून बघणाऱ्यांनी कागदी लिंबाच्या नादी लागू नये. साल इतकी पातळ की किसताना पांढरा भाग येतोच, शिवाय वासही वेगळा. जाड सालीचं इडलिंबू त्यातल्या त्यात जवळचं. ४२.८ टक्क्यांच्या ७५० मिली व्होडकात साल दोन आठवडे मुरवून गाळा. २०० ग्रॅम साखर २०० मिली पाण्यात विरघळवून पाक पूर्ण गार झाल्यावर घाला, म्हणजे साधारण ३० टक्क्यांवर येतं. सालीबरोबर पांढरं गेलं असेल, तर कितीही साखर घाला, कडवटपणा जात नाही.