झेडएसएचच्या तीन कॉन्फिग, झेडडॉटडिर लावून: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी सेटअप सांगते. डेबियन लिनक्सवर झेडएसएच आहे, म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड चालवणारा शेल, आणि त्याच्या तीन कॉन्फिग, म्हणजे सेटिंगचे संच, ठेवल्यात, एक ऑफिसची, एक माझ्या स्वतःच्या कोडिंगची आणि एक एकदम साधी, ज्यात प्लगिन वगैरे काही नाही. तिन्हींना आपापला फोल्डर. झेडएसएच सुरू होताना झेडडॉटडिर हा व्हेरिएबल बघतं, त्यात जो पाथ असेल तिथली डॉट झेडएसएचआरसी ही सेटिंगची फाइल उचलतं, आणि व्हेरिएबल नसेल तर होम फोल्डरमधली. बास, एवढंच, वेगळं टूल काही लागत नाही. निवडायला एफझेडएफवर (यादीतून शोधून निवडायचं टूल) छोटंसं फंक्शन केलंय, फोल्डरांची यादी येते, एंटर मारला की एक्झेक या कमांडने नवीन शेल आधीच्याच जागी सुरू होतं, त्यामुळे एकात एक शेल उघडत जात नाहीत.

आता खरा फायदा. मला वाटलेलं अलायस (कमांडची छोटी टोपणनावं) वेगळे राहतील तेच मोठं, पण रोजच्या कामात जास्त उपयोग होतोय तो हिस्ट्री (आधी टाइप केलेल्या कमांडची नोंद) वेगळी झाल्याचा! प्रत्येक फोल्डरच्या डॉट झेडएसएचआरसीमध्ये हिस्टफाइलचा, म्हणजे हिस्ट्री साठवायच्या फाइलचा, पाथ त्याच फोल्डरातला दिलाय. हिस्ट्रीत शोधायला कंट्रोल-आर दाबलं की ऑफिसमध्ये ऑफिसच्याच कमांड येतात, आणि प्रॉडक्शन सर्व्हरवरची एखादी डिलीटची कमांड रात्री घरच्या प्रोजेक्टमध्ये वर येऊन बसत नाही. स्क्रीन शेअर करताना तर साधी कॉन्फिगच लावते, कारण ऑटोसजेशनचं प्लगिन चालू असेल तर दोन अक्षरं टाइप केली की हिस्ट्रीतली अख्खी ओळ करड्या रंगात समोर येते, त्यात क्लायंटच्या सर्व्हरचं नाव असू शकतं, पासवर्डसारखं टोकनसुद्धा असू शकतं, आणि ते मीटिंगमधल्या सगळ्यांना दिसतं. नुसत्या या एका कारणासाठी पण हे करावं असं मी म्हणेन.

काही गोष्टी लक्षात ठेवायला लागतात. झेडडॉटडिर आधीच सेट असेल तर होममधली डॉट झेडएसएचएन्व्ह ही दुसरी सेटिंगची फाइल वाचलीच जात नाही, म्हणून तिची सिमलिंक (मूळ फाइलकडे नेणारा दुवा) प्रत्येक फोल्डरात टाकलीय. दुसरं म्हणजे एक्झेक केल्यावर अलायस आणि फंक्शन जातात पण एक्सपोर्ट केलेले (पुढच्या प्रोग्रॅमलाही मिळणारे) व्हेरिएबल तसेच राहतात, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कचं प्रॉक्सी सेटिंग घेऊनच तुम्ही घरच्या कॉन्फिगमध्ये येता. पाथ या व्हेरिएबलमध्ये (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्याची यादी) त्याच त्या एंट्री परत परत येतात त्या टाइपसेट मायनस कॅपिटल यू या कमांडने निघतात, प्रॉक्सीसारख्या गोष्टींना मात्र सरळ नवीन टर्मिनल उघडलेलं बरं, त्यासाठी टर्मिनलमध्ये तीन प्रोफाइलच करून ठेवलेत.

टीमक्सने (एकाच टर्मिनलमध्ये अनेक विंडो आणि सेशन चालवणारं टूल) सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. नवीन विंडो उघडली की ती समोरच्या शेलचं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे एक्सपोर्ट केलेले व्हेरिएबल, घेत नाही, टीमक्सच्या सेशनचं आणि मागे चालणाऱ्या त्याच्याच सर्व्हरचं घेते, त्यामुळे ऑफिसच्या कॉन्फिगमध्ये काम चालू असताना नवीन विंडो भलत्याच कॉन्फिगमध्ये उघडायची. टीमक्सच्या अपडेट-एन्व्हायर्नमेंट या सेटिंगच्या यादीत झेडडॉटडिर घातलं आणि प्रत्येक कॉन्फिगला वेगळं सेशन ठेवलं, तेव्हापासून त्रास नाही.

आणि हो, लॉगिन शेल बॅश हा दुसरा शेलच ठेवलंय, सीएचएसएच (लॉगिन शेल बदलायची कमांड) केलेलं नाही. कॉन्फिगमध्ये रोज काहीतरी उचकापाचक करायची सवय असेल तर एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून) आत शिरायचा रस्ता त्याच्यावर अवलंबून नको, झेडएसएच टर्मिनलच्या प्रोफाइलमधूनच सुरू होऊ दे.