शेजारी गणपती, पुढे नवरात्र: बडोद्यातल्या ख्रिस्ती घराने वेगळं राहावं की मिसळावं?

माझी भाची ऑगस्टमध्ये नगरहून बडोद्याला आली. नवऱ्याची बदली, मांजलपूरला भाड्याचा फ्लॅट, हॉलमध्ये अजून बांधलेली खोकी. नगरला तिचं माहेर चर्चच्या कंपाउंडला लागून, आजूबाजूला सगळे आपलेच. तिथे असले प्रश्न पडायचेच नाहीत. इथे आठव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर्गणीची वही घेऊन दारात उभ्या. सयाजीरावांच्या काळात नोकरीला आलेल्या मराठी घराण्यातल्या. आडनाव ऐकलं, भाषा ऐकली आणि म्हणाल्या, "वा, म्हणजे आपल्यातल्याच! आरतीला यायचं हं रोज."

रात्री मला फोन. "मावशी, पप्पा म्हणतात दार लावून घे. ह्यांच्या तरुणसंघातले म्हणतात, सगळीकडे जा, नाहीतर ख्रिस्ताची साक्ष कुणाला देणार? तू इथे जन्म काढलास. तू सांग."

मी लगेच काही सांगितलं नाही, कारण या दोन्ही वाटांनी मी चालून पाहिलंय आणि दोन्हीकडे ठेचा खाल्ल्यात. तिला नंतर जे सांगितलं तेच इथे मांडते.

आधी दोन्ही वाटा त्यांच्या चांगल्या रूपात पाहू. वेगळं राहणाऱ्यांचं वचन बायबलातल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायातलं: त्यांच्यामधून निघा, वेगळे व्हा. त्यांचं म्हणणं असं की पावित्र्य एका दिवसात जात नाही, ते झिजतं. आज आरतीत नुसतं उभं राहिलात, उद्या टाळ्या वाजवाल, परवा मुलगा विचारेल की मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय. मिसळणाऱ्यांचा आधार योहानाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय. तिथे येशू शिष्यांना जगातून काढून घे असं मागत नाही, त्यांना दुष्टापासून राख असं मागतो. आणि करिंथकरांस ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल तर सर्वांना सर्व काही झाला, म्हणजे ज्याच्या त्याच्यासारखा झाला. जेवायला न जाणाऱ्या माणसाचं सुवार्तेबद्दल कोण ऐकेल?

गंमत म्हणजे दोघेही दानीएलाला, बाबेलच्या राजाने धरून नेलेल्या यहुदी तरुणाला, आपल्या बाजूने उभा करतात. मी त्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय पुन्हा वाचला तर माणूस कुणाच्याच हाती लागत नाही. बाबेलमध्ये त्याने खास्द्यांची, म्हणजे तिथल्या लोकांची, भाषा आणि विद्या शिकून घेतली. त्याचं नाव बदलून बेल्टशस्सर ठेवलं, ज्यात तिथल्या देवाचा उल्लेख आहे, तेही त्याने सोसलं. अडला तो राजाच्या ताटावर. तिथेसुद्धा दार आपटलं नाही. कारभाऱ्याला विनंती केली की दहा दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी देऊन पाहा. भाषा घेतली, नोकरी घेतली, नाव सोसलं, ताट नाकारलं. ही रेघ कुठे ओढायची हे त्याला कोणत्याही संघाने सांगितलेलं नव्हतं.

प्रसादाचं काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून इथे जरा थांबते.

मी नऊ-दहा वर्षांची असतानाची गोष्ट. वडील कडक. शेजारच्या आजींनी उकडीचे मोदक पाठवले की आई हसून वाटी घ्यायची आणि वडिलांच्या हुकमाने ते मागच्या कचऱ्याच्या डब्यात जायचे. एका वर्षी डबा उलटला. पांढरे मोदक मातीत पडलेले आजींनी त्यांच्या ओट्यावरून पाहिले. बोलल्या काहीच नाहीत, पण त्यानंतर त्यांच्याकडून मोदकच काय, कोथिंबिरीची काडीही आली नाही. वडिलांनी पावित्र्य राखलं म्हणावं, तर घेताना आई जे हसली त्याला काय म्हणायचं? नाकारायचं होतं तर दारात, हात जोडून, तोंडावर नाकारायला हवं होतं. वेगळं राहण्याच्या वाटेवर ही खोड नेहमी दिसते: माणसं वेगळी राहतात, पण चोरून.

आता पौल काय म्हणतो ते पाहा. आपल्या मराठी बायबलात करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायाची सुरुवातच मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्यापासून होते. शब्दच नैवेद्य, त्यामुळे मराठी वाचकाला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. करिंथ या ग्रीक शहराच्या उत्खननात देवळांना लागून जेवणाच्या खोल्या सापडल्यात. म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यापुढे तीन वेगळे प्रसंग होते: देवळातली पंगत, बाजारातलं मांस आणि मित्राच्या घरचं जेवण. पौल तिघांना एक उत्तर देत नाही. देवळातल्या पंगतीला तो जवळजवळ नाहीच म्हणतो; प्रभूच्या मेजावर आणि त्या मेजावर दोन्हीकडे बसता येत नाही. बाजारात जे विकतं ते न विचारता घ्या. मित्राकडे जे वाढतील ते खा, पण कोणी मुद्दाम सांगितलं की हा नैवेद्य आहे, तर खाऊ नका. आणि ते सांगणाऱ्याच्या मनासाठी, आपल्या पोटासाठी नव्हे.

हेच सोसायटीत आणून ठेवा. मंडपातली आरती आणि तिथेच हातावर पडणारा प्रसाद ही झाली पंगत. दुकानातले पेढे हा बाजार. काकूंच्या घरी चहाबरोबर येणारी करंजी हे मित्राचं घर. सगळ्याला हो म्हणणारा पौलाचं निम्मं वाचतो, आणि सगळ्याला नाही म्हणणारा उरलेलं निम्मं. माझं मत विचाराल तर मंडपातला प्रसाद मी घेत नाही आणि तसं सांगते. सांगितलं की कोणी रागावत नाही. जैन शेजारी असलेल्या या शहरात "आमच्यात हे चालत नाही" हे वाक्य लोकांना रोज ऐकायची सवय आहे.

गरबा

इथे मिसळणाऱ्यांचं पारडं वरवर पाहता जड वाटतं. बडोद्यात राहून नऊ रात्री घरी बसणं म्हणजे पंढरपुरात राहून आषाढीला बाहेर न पडणं. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गरब्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. माझ्या ओळखीचे गुजराती ख्रिस्ती तरुण म्हणतात, हा आमच्या मातीचा नाच आहे, आम्ही तो टाकायचा का? खरं आहे. पण गरबा हे नावच त्या भोकं पाडलेल्या मातीच्या घटावरून आलं, ज्यात दिवा तेवतो आणि ज्याभोवती रिंगण होतं. मधे देवी आहे, आरती आहे. म्हणजे हा नुसता नाच आहे असं म्हणणं आपल्यालाच नव्हे, शेजाऱ्याच्या श्रद्धेलाही खोटं पाडणं आहे. मिसळण्याच्या उत्साहात हा अपमान आपल्या लक्षात येत नाही.

विशीत मी सलग तीन वर्षं खेळले, पास काढून, मैत्रिणींबरोबर. माझी श्रद्धा त्या रिंगणात हलली नाही. हलली ती रविवारी सकाळी. रात्री एक वाजता घरी, पाय सुजलेले, आणि नवरात्रातला तो रविवार आमच्याकडे प्रभुभोजनाचा, ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा. तीनही वर्षं ते चुकलं, आणि तिसऱ्या वर्षी चुकल्याचं काही वाटलंही नाही. म्हणून भाचीला मी मूर्तीचा धाक घातला नाही, घड्याळ दाखवलं.

आणखी एक. काही मैदानांवर बिगर-हिंदूंना प्रवेश नको अशी मागणी दर नवरात्रात निघते. मग आपली मुलं आडनाव झाकून आत शिरतात. हे मात्र करू नये. नाव लपवून जिथे जायचं तिथे साक्ष कसली द्यायची? सोसायटीच्या अंगणात, जिथे सगळ्यांना ठाऊक आहे तुम्ही कोण, तिथे खुर्चीवर बसून टाळ्या वाजवणं शंभर पटीने प्रामाणिक.

वर्गणीचं पटकन सांगते. मूर्तीच्या पूजेसाठी वेगळी वही असेल तर नको म्हणा. लाइटिंग, मुलांच्या स्पर्धा, शेवटच्या दिवशीचं जेवण यासाठी सढळ हाताने द्या. कुणी भांडत नाही, हिशेबनिसाला फक्त रक्कम हवी असते. टिकली आणि मंगळसूत्राचा वाद तर मला कंटाळवाणा वाटतो. माझी आजी नऊवारी नेसायची, तिच्या काळ्या मण्यांत सोन्याचा क्रूस होता, आणि तिच्याइतकं बायबल पाठ असलेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. आकाशकंदिलाचंही तेच. आमच्या घरचा चांदणीचा कंदील शेजाऱ्यांनी दिवाळीत मागून नेला आणि डिसेंबरात परत केला, असं कितीतरी वर्षं चाललं.

शब्दांची गोष्ट

मराठी ख्रिस्ती माणसाला हा वाद नवा नाही, आणि दोन्ही बाजूंना आपल्याकडे मोठी माणसं आहेत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांनी मंडळीला अभंग दिले, कीर्तन दिलं, आणि शेवटी मिशनचा पगार सोडून १९१७ मध्ये देवाचा दरबार उभारला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. त्यांच्याही आधी, १६१६ मध्ये, गोव्यात आलेल्या इंग्रज फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण ओवीत छापलं होतं.

दुसरीकडे पंडिता रमाबाई. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली, त्यासाठी ग्रीक-हिब्रू शिकल्या, आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येणारे शब्द एकेक करून टाळले. साध्या बायकांना कळेल आणि जुना अर्थ चिकटून येणार नाही असं बायबल त्यांना हवं होतं.

म्हणजे टिळक मिसळणारे, रमाबाई वेगळ्या? तसंही नाही. याच रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही शाकाहार सोडायला तयार नव्हत्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत, म्हणून तिथल्या सिस्टरशी त्यांनी वाद घातला. ताटात आणि वेशात त्या हट्टाने इथल्याच राहिल्या, शब्दांत मात्र राईएवढी भेसळ खपवून घेतली नाही. दानीएलासारखीच प्रत्येकाची रेघ वेगळ्या जागी. मला टिळकांचे अभंग गाताना जे होतं ते भाषांतरित इंग्रजी गीताने कधी होत नाही, हे कबूल करते. पण मुलांना प्रार्थना शिकवताना शब्द निवडायची वेळ आली की मी रमाबाईंकडे झुकते.

कॅथलिक शेजारी असतील तर त्यांच्याकडे हा प्रश्न रोमपर्यंत जाऊन आला आहे, हेही ध्यानात ठेवा. १९६९ मध्ये भारतातल्या मिस्सेसाठी, म्हणजे त्यांच्या उपासनेसाठी, बारा बदलांना मंजुरी मिळाली. जमिनीवर बसणं, हात जोडणं आणि आरती त्यांत आहेत. त्यामुळे त्यांच्या वेदीपुढे ओवाळलेली आरती पाहून आपल्या पाळकांकडे तक्रार घेऊन जाऊ नका.

कोणत्या वाटेची किंमत किती

वेगळं राहण्याची किंमत शेजारी मोजतात, आणि मग मुलं. ती शाळेत एकटी पडतात आणि मोठी झाली की दुप्पट वेगाने मिसळतात. मिसळण्याची किंमत लगेच दिसत नाही. ती प्रार्थनेच्या खोलीत कळते, जेव्हा गुडघ्यावर बसल्यावर बोलायला काही सुचत नाही.

पण एक गोष्ट मला दोन्ही वाटांवर खटकते. टिकलीवर तासभर बोलणारे घरातल्या लग्नात मानपानाची यादी काढतात तेव्हा वेगळं राहण्याचं वचन कुठे जातं? मुलगी बघताना "पूर्वी कोणत्या समाजातले?" हा प्रश्न नगरच्या कंपाउंडातही हळू आवाजात विचारला जातोच. जगातून निघायचं तर आधी यातून निघू. याला मी कोणत्याच बाजूने सूट देत नाही.

बाकी कोणी काय करावं, हे माणूस पाहून ठरवावं. गेल्याच वर्षी घर सोडून प्रभूकडे आलेला असेल, तर त्याने काही वर्षं मंडपापासून लांब राहावं. त्याच्यासाठी तो घट नुसता घट नाही, आणि त्याच्यासमोर आपणही जपून राहावं. तीन पिढ्यांच्या घराला तो धोका कमी, त्याला गर्वाचा धोका जास्त. सासरी सगळे हिंदू असलेल्या सुनेला मी बायबलातल्या नामानाची, इस्राएलाच्या देवाकडे वळलेल्या अरामी सेनापतीची, गोष्ट सांगते. रिम्मोन या आपल्या देशातल्या देवाच्या देवळात धन्याच्या हाताला आधार देताना वाकावं लागेल, याची क्षमा असावी, असं तो अलीशा या संदेष्ट्याला म्हणाला. संदेष्ट्याने नियम सांगितला नाही. शांतीने जा, एवढंच म्हणाला.

भाचीने तिचं ठरवलं ते असं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती स्वतः खाली गेली आणि काकूंना म्हणाली, मी आरतीला उभी राहणार नाही, पण विसर्जनाच्या दिवशी सगळ्यांचा चहा माझ्याकडे. काकू क्षणभर गप्प झाल्या, मग विचारलं, "साखर कमी घालशील ना? माझी शुगर आहे."

दुपारी दीड वाजता फोन वाजला. काकूंनी झाकलेली वाटी आणून दिली होती. म्हणाल्या, नैवेद्याचं ताट वेगळं होतं, हे दुसऱ्या खेपेचे, देवापुढे ठेवलेलेच नाहीत.

"मावशी, आता हे खाऊ ना?"

"तूप घेतलंस का वरून?" मी विचारलं.