आपियातली हस्तकलेची खरेदी: वस्तू उलटी करून बघा, मग पैसे काढा

प्रशांत महासागरातल्या सामोआची राजधानी आपिया, तिथल्या बाजारात हाताने बनवलेला अस्सल सामोअन माल आजही मिळतो, पण त्याच टेबलावर परदेशातून आलेला कारखान्याचा मालही मांडलेला असतो. कासवाच्या आकाराच्या कीचेन, शिंपल्यांच्या एकसारख्या माळा, झुळझुळीत सरोंग, चकचकीत पॉलिशचे लाकडी मुखवटे. यातले मुखवटे तर लगेच बाजूला ठेवावेत, कारण मुखवटे कोरण्याची परंपराच सामोआत नाही. इथली खरी कला तीन ठिकाणी दिसते: झाडाच्या सालीचं कापड म्हणजे सिआपो, केवड्याच्या जातीच्या पानांचं विणकाम आणि ‘इफिलेले’ नावाच्या झाडाच्या लाकडाचं कोरीवकाम. बॅगेत जागा थोडी असेल तर याच तिघांसाठी ठेवावी.

खरेदी पहिल्याच दिवशी करू नये. आधी बीच रोडवर पर्यटन माहिती केंद्राच्या मागे असलेल्या सामोआ कल्चरल व्हिलेजमध्ये जावं. मंगळवार ते गुरुवार सकाळी तिथे साल कुटणं, विणणं, लाकूड कोरणं हे सगळं समोर करून दाखवतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. आदल्या दिवशी केंद्रात वेळ विचारून घ्यावी. कारागिराच्या हाताखालून वस्तू कशी निघते हे एकदा पाहिलं की बाजारातली नक्कल ओळखायला फार कष्ट पडत नाहीत.

मग फुंगालेईचा बाजार. हा मुळात भाजीपाला, नारळ, अळकुड्या, केळी यांचा बाजार. सावालालोचा जुना हस्तकलेचा बाजार 2016 च्या जानेवारीत आगीत जळाल्यानंतर फुंगालेईतल्या हस्तकलेच्या गाळ्यांना आणखी महत्त्व आलं. पंखे, टोपल्या, करवंटीचे पेले, कमरेला गुंडाळायचे लाव्हालाव्हा, छोटे सिआपो, कोरीव पराती असं सगळं इथे एका ठिकाणी मिळतं. उणीव अशी की गाळे दाटीवाटीचे, उकाडा भरपूर, आणि वस्तू कोणत्या गावात बनली हे विक्रेतीला दर वेळी सांगता येईलच असं नाही. सकाळी लवकर गेलात तर उजेडही चांगला असतो आणि बोलायला तिलाही वेळ असतो. क्रूझचं जहाज बंदराला लागलं असेल त्या दिवशी जाऊ नये.

घासाघीस इथली पद्धत नाही. “ए फिआ?” म्हणून किंमत विचारायची आणि पटली तर घ्यायची. एकाच बाईकडून चार-पाच वस्तू घेतल्या तर ती आपणहून थोडं कमी करते किंवा एखादा पंखा वर घालते. टाला हे इथलं चलन साधारण 30 रुपयांच्या आसपास धरून हिशोब करावा. दुकानाच्या लेबलवर 15 टक्के विक्रीकर धरलेला असतो. गाळ्यांवर रोखच चालते, म्हणून सुट्ट्या नोटा आधीच काढून ठेवाव्यात. रविवारी जवळजवळ सगळं बंद असतं आणि शनिवारी शहरातली बरीच दुकानं दुपारपर्यंतच उघडी असतात. शुक्रवारी रात्री उतरून सोमवारी पहाटे निघणाऱ्याला खरेदीसाठी जेमतेम शनिवारची सकाळ मिळते.

सिआपोकडे वळू. त्यात नीट पाहण्यासारखं सर्वांत जास्त आहे. कागदी तुतीच्या जातीचं ‘उआ’ नावाचं झाड यासाठी मुद्दाम लावतात आणि कांडी अंगठ्याएवढी जाड झाली की तोडतात. वाढताना बाजूचे फुटवे खुडत राहावं लागतं, कारण जिथे फांदी फुटते तिथे सालीत भोक पडतं. बाहेरची साल टाकून आतली पांढरी साल शिंपल्यांनी खरवडतात, मग लाकडी ओंडक्यावर ठेवून दांडक्याने कुटतात. हाताच्या पंजाइतकीही रुंद नसलेली पट्टी कुटून कुटून कितीतरी पट पसरते. असे दोन थर आरारूटसारख्या कंदाच्या खळीने एकमेकांवर चिकटवले की कापड तयार होतं. भोकांवर त्याच सालीची ठिगळं बसतात.

म्हणून सिआपो विकत घेताना आधी तो उजेडासमोर धरावा. आत तंतूंचं आडवंतिडवं जाळं दिसलं, कुठे दाट कुठे विरळ पोत दिसला, एखादं ठिगळ दिसलं तर माल खरा. सगळीकडे सारखी जाडी आणि सारखा रंग असेल तर तो छापील कागद किंवा साधं कापड आहे. मग उलटी बाजू पाहावी. खऱ्या सिआपोत रंग मागे डागासारखा उतरलेला असतो आणि खळीचे पुसट पट्टे दिसतात. ठिगळाला खोट समजून किंमत पाडायला जाऊ नये. मात्र दोन थर सुटून फुगे आले असतील, किंवा काठाला हात लावताच पापुद्रा निघत असेल, तर तो तुकडा ठेवून द्यावा. खळ नीट बसलेली नसते आणि दमट हवेत ते वाढतच जातं.

नक्षीच्या दोन पद्धती आहेत. एकीत ‘उपेती’ या कोरलेल्या लाकडी फळीवर कापड ठेवून वरून रंग घासतात आणि फळीची नक्षी वर उमटते. दुसरीत, म्हणजे ‘मामानू’त, केवड्याच्या जातीच्या वाळलेल्या फळाच्या बोंडाचा कुंचला करून सगळं हाताने रंगवतात. मामानू महाग असतो आणि असायलाच हवा. रेघेची जाडी बदलते, चौकटी थोड्या तिरप्या होतात, कुंचला कुठे उचलला ते दिसतं. नक्षीत टिटवीसारख्या तुली पक्ष्याची पावलं, घोण, तारामासा, फणसाच्या जातीच्या नीरफणसाचं पान अशी चिन्हं असतात. विक्रेतीला ती ओळखायला सांगावं. जिला सांगता येतात तिचा माल बहुधा कारागिराच्या हातून थेट आलेला असतो. रंगही ओळखीचे आहेत: तपकिरी ओआ झाडाच्या सालीचा, काळा जंगली अक्रोडाच्या काजळीचा, पिवळा हळदीचा, तांबडा शेंद्रीच्या बियांचा. स्टेन्सिलने छापल्यासारख्या धारदार काळ्या-तपकिरी आकृत्या असतील तर तो ‘मासी’, म्हणजे फिजीचं सालीचं कापड, असण्याची शक्यता मोठी. तोही सुंदर असतो, पण सामोआचा म्हणून त्याचे पैसे देऊ नयेत.

सिआपोची घडी घालू नये. घडीवर रंग तडकतो आणि ती रेघ नंतर जात नाही. सात-आठ सेंटिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची नळी सोबत न्यावी, रंगवलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळावं, मध्ये कोरा कागद घालावा. पाणी अजिबात लागू देऊ नये, खळ सुटते. घरी फ्रेम करताना मागे गोंद लावू देऊ नका. काच आणि कापड यांच्यात पट्टी घालून थोडी जागा सोडायला सांगा, नाहीतर कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात आत बुरशी धरते. ऊन येणाऱ्या भिंतीवर लावल्यास हळदीचा पिवळा सर्वांत आधी उडतो.

वेळ असेल तर सिआपो सावाईई या शेजारच्या बेटावर जाऊन घ्यावा. मुलिफानुआहून सालेलोलोंगाला जाणारी फेरी साधारण तास-दीड तासाची आहे. बेटाच्या दक्षिणेकडच्या पलाउली भागात सालीचं काम करणाऱ्या बायका थोडे पैसे घेऊन सगळी कृती दाखवतात आणि तिथेच विकतात. पैसा थेट त्यांच्या हातात पडतो आणि तुकड्याची निवडही आपल्यासमोर होते. सालेलोलोंगाच्या बाजारातही पंखे आणि विणकाम चांगलं मिळतं.

विणकामात दर्जाचा फरक प्रचंड आहे. सर्वांत वरचं म्हणजे ‘इए तोंगा’, ही बारीक विणीची चटई. तिची पानं उकळून त्यांचे थर सोलतात, समुद्राच्या पाण्यात भिजवून उन्हात पांढरी करतात आणि मग बारीक चिरून विणतात. एक चटई पुरी व्हायला कित्येक महिने, कधी वर्षंही जातात. 2019 साली युनेस्कोने या कलेचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला, आणि 1991 पासून काम करणाऱ्या ‘विमेन इन बिझनेस डेव्हलपमेंट’ या संस्थेने बारीक वीण पुन्हा जिवंत करण्यासाठी बरंच केलं आहे. पण पाहुण्यांनी ही चटई घेऊ नये, असंच माझं मत आहे. ती लग्नात, अंत्यविधीत, घराण्याच्या प्रमुखाला पदवी देण्याच्या समारंभात एका घरातून दुसऱ्या घरात जाते. दिवाणखान्यात अंथरण्याची ती वस्तू नाही, आणि उत्तम चटई हजारो टालांना जाते. त्याऐवजी पंखा, टोपली, लहान चटई घ्यावी.

पंखा घेताना मूठ धरून जोरात दहा-बारा वेळा हलवावा. मूठ आणि पातं जिथे बांधलंय तिथे करकर आवाज आला तर दुसरा घ्यावा. रंगीत पट्ट्यांवर ओलं बोट घासून रंग सुटतो का पाहावं. चटईचा काठ दुमडून बघावा: पानं पुरती वाळली असतील तर ती वाकतात, अर्धवट वाळलेल्या पानांवर काळे ठिपके दिसतात आणि कुबट वास येतो. तो वास नंतर जात नाही.

लाकडात ‘तानोआ’, म्हणजे कावा हे मुळांचं पेय मिसळण्याची पायांची गोल परात, ही सर्वांत भरीव वस्तू. आपिया ज्या बेटावर आहे त्या उपोलूच्या पूर्वेकडचं उआफातो गाव इफिलेलेच्या रानासाठी आणि कोरीवकामासाठी ओळखलं जातं. इफिलेले जड, गर्द तांबूस तपकिरी लाकूड. मध्यम परातही उचलताना हाताला वजन जाणवलं पाहिजे. हलकी परात म्हणजे दुसरंच लाकूड रंगवलेलं. सामोअन परातीला काठाखाली ओळीने बरेच पाय असतात आणि ते एकाच ओंडक्यातून निघालेले असतात. पायाच्या मुळाशी नख फिरवा: लाकडाच्या रेषा परातीतून पायात सलग उतरल्या पाहिजेत. तिथे रेघ तुटली तर पाय चिकटवलेला आहे. मागे टांगायला ठेवलेला कान तपासायला विसरू नका.

सर्वांत मोठी अडचण ओल्या लाकडाची. कोरताना लाकूड ओलं असलं तर सोपं जातं, आणि पुरतं वाळण्याआधीच वस्तू गाळ्यावर येते. सामोआच्या दमट हवेत ती ठीक दिसते, पण पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात किंवा एसीच्या खोलीत काठापासून बुडापर्यंत तडा जातो. तडा पॉलिशने बुजवलाय का ते उन्हात धरून पाहावं. आसपासच्या वस्तू सारख्याच तापमानाच्या असताना एखादी परात हाताला गार लागत असेल तर ती ओली समजावी. घरी आणल्यावर कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात महिना-दोन महिने ठेवावी, अधूनमधून कागद बदलावा, म्हणजे सावकाश वाळते. ओली झाली तर तिच्यातून तपकिरी पाणी सुटतं आणि टेबलक्लॉथवर डाग पडतो. बारीक गोल भोकं आणि खाली पिठूळ भुसा दिसला तर किडा आत आहे. ती वस्तू कितीही सुंदर असली तरी नको.

भेट द्यायला करवंटीचे पेले सर्वांत सोयीचे: हलके, न फुटणारे, स्वस्त. आत खोबऱ्याचा अंशही राहिलेला नसावा. काथ्याची वळलेली दोरी, ‘आफा’, लांबट नारळाच्या खास जातीच्या सोडणापासून बनते. वक्त्याच्या हातातला ‘फुए’ हा चवरीसारखा गोंडा त्याच दोरीचा असतो. वळ घट्ट आणि एकसारखा असेल तर बेलाशक घ्यावा.

कापडात ‘एलेई’ या ठशांच्या छपाईचं पाहावं. हाताने छापलेल्या कापडावर दोन ठशांच्या जोडावर रेघ किंचित सरकलेली असते. कारखान्याच्या छपाईत नक्षी बिनचूक जुळते. तयार कपड्यांसाठी आपियातलं एव्हेनी आणि हस्तकलेसाठी जॅनेट्स ही ओळखीची दुकानं. किंमत बाजारापेक्षा जास्त, पण निवड केलेली असते आणि बांधून नीट देतात. ‘पुलेतासी’ हा दोन भागांचा पोशाख शिवून घ्यायचा असेल तर उतरल्या दिवशीच माप द्यावं. जूनच्या स्वातंत्र्य सोहळ्याआधी, ऑक्टोबरातल्या व्हाइट संडे या मुलांच्या सणाआधी आणि नाताळाआधी शिंप्यांकडे रीघ असते. पहिली धुलाई गार पाण्यात, वेगळी, आणि इस्त्री उलट्या बाजूने.

खाण्यात ‘कोको सामोआ’ न्यावा: भाजून कुटलेल्या कोकोच्या वड्या, साखर नाही, दूध नाही. गरम हवेत त्याला कोकोचं तेल सुटतं, म्हणून दुहेरी पिशवीत बांधावा.

कासवाच्या पाठीचे कंगवे आणि कडी, देवमाशाचे दात, प्रवाळ, राक्षसी शिंपल्याची कवचं यांना हात लावू नये. विकणारा “जुनं आहे” म्हणतो, त्याने फरक पडत नाही. कासवाच्या पाठीचा आणि देवमाशाच्या दातांचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारानुसार बंद आहे, प्रवाळ आणि राक्षसी शिंपल्याला परवाना लागतो, आणि भारतातही वन्यजीव कायदा लागू होतो.

ऑकलंड किंवा सिडनीत राहणारे, किंवा तिथे एक-दोन दिवस थांबून भारतात येणारे, यांनी लाकूड, साल, पानं, बिया आणि कोको असं सगळं तिथे उतरताना भरायच्या अर्जावर जाहीर करावं. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेली जोखमीची वस्तू सापडली तर जागेवर 400 डॉलर दंड होतो. सांगितलेली वस्तू मात्र तपासून बहुतेक वेळा परत देतात. म्हणून सिआपोची नळी आणि परात बॅगेच्या वरच्या थरात ठेवावी. बियांच्या माळा घेतल्याच असतील तर त्या वेगळ्या पारदर्शक पिशवीत घालाव्यात. अडकल्या तर तेवढीच पिशवी जाते.