रिमोट स्टार्टर आणि अलार्म: एकत्र घ्यायचे की वेगवेगळे?

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या पट्ट्यात नव्याने आलेल्या मराठी घरांत थंडीची चाहूल लागली की हा प्रश्न निघतोच. गाडीला रिमोट स्टार्टर बसवायचा आहे, आणि दुकानदार म्हणतो, थोडे डॉलर जास्त टाका, अलार्मसकट देतो. घ्यावं का?

माझं उत्तर बहुतेक वेळा "नको" असं असतं. स्टार्टर घ्या, सुरक्षेसाठीही पैसे जरूर खर्च करा, पण दोन्हींचा विचार वेगवेगळा करा. किल्ली घरात असताना गाडी सुरू व्हावी, हे स्टार्टरचं काम. किल्लीशिवाय गाडी सुरू होऊ नये, हे सुरक्षेचं काम. ही दोन उलटी कामं एकाच खोक्यात कोंबली की तडजोड हमखास सोयीच्या बाजूने होते आणि सुरक्षा नावापुरती उरते. ते कसं होतं, हे पुढे येईलच.

आधी स्टार्टर. कंपनीचा की बाहेरून बसवलेला?

उणे १५ च्या सकाळी काचेवर गोठलेला थर खरवडत उभं राहायचं, की आत चहा पिता पिता गाडी गरम करायची, यात फारसं ठरवण्यासारखं काही नाही. लहान मुलांना पाळणाघरात सोडणाऱ्यांना तर याचं मोल वेगळं सांगायला नको. शिवाय काच नीट साफ न करता नुसती खिडकीएवढी जागा पुसून निघणं धोक्याचं, आणि घाईत लोक नेमकं तेच करतात. मात्र "इंजिनासाठी गरजेचं आहे" असं कुणी सांगत असेल तर ते सोडून द्या. हल्लीचं पेट्रोल इंजिन अर्ध्या मिनिटात निघायला तयार असतं आणि उभ्या उभ्या तापण्यापेक्षा हळू चालवताना लवकर तापतं. स्टार्टर तुमच्यासाठी आणि काचेसाठी आहे.

गाडी गेल्या काही वर्षांतली असेल तर आधी तिच्यात काय आहे ते बघा. बऱ्याच गाड्यांत ही सोय फॉबवर (म्हणजे बटणं असलेल्या कंपनीच्या किल्लीवर) किंवा मोबाइल ॲपवर मुळातच असते. फॉबवरचा कंपनीचा स्टार्टर सगळ्यात निर्धोक: वायरिंगला हात लागत नाही, वॉरंटीचा वाद नाही. त्याची मर्यादा अंतराची. स्वतंत्र घराच्या ड्राइव्हवेपर्यंत तो पुरतो. अपार्टमेंटच्या बाराव्या मजल्यावरून तळघरातल्या गाडीपर्यंत सहसा पोचत नाही. ॲपवरच्या सोयीला अंतराचं बंधन नाही, पण तिथे वर्गणी आली. सुरुवातीची काही वर्षं फुकट, मग दरवर्षी पैसे. २०२१ च्या डिसेंबरात अमेरिकेत यावरून बराच गदारोळ झाला होता, कारण टोयोटाच्या काही गाड्यांत वर्गणी संपल्यावर फॉबवरून इंजिन सुरू करणंही बंद पडतं, हे लोकांच्या लक्षात आलं. जुनी गाडी घेताना "रिमोट स्टार्ट आहे" एवढ्यावर भागवू नका. तो फॉबवर आहे की ॲपवर, आणि वर्गणी कधी संपते, हे विचारा.

बाहेरून बसवायच्या स्टार्टरचे ढोबळ प्रकार तीन. सगळ्यात स्वस्त प्रकारात नवा रिमोट मिळतच नाही. कंपनीच्या किल्लीवरचं लॉकचं बटण तीनदा दाबलं की गाडी सुरू होते. अंतर किल्लीचं असेल तेवढंच. दुसऱ्यात वेगळा रिमोट मिळतो, एकेरी किंवा दुहेरी. एकेरी फक्त आज्ञा पाठवतो. दुहेरी उलट निरोपही देतो, गाडी सुरू झाली, दार लागलं नाही, वगैरे. तिसरा मोबाइलवरचा, म्हणजे पुन्हा वर्गणी. जाहिरातीत हजार किंवा तीन हजार फूट लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं. काँक्रीटच्या भिंती मध्ये आल्या की त्यातलं फार थोडं उरतं. यांत पैसे टाकण्यासारखा प्रकार माझ्या मते दुहेरी रिमोटचा. खिडकीतून गाडी दिसत नसेल तर ती सुरू झाली की नाही हे कळणं मोलाचं आहे. ड्राइव्हवे समोरच असेल तर मात्र तीनदा लॉकवालाही पुरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, बायपास. कॅनडात १ सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या प्रवासी गाडीत इमोबिलायझर सक्तीचा आहे; किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. (अमेरिकेत ही सक्ती नव्हती, म्हणून तिथे किया आणि ह्युंदाईच्या साध्या किल्लीच्या गाड्या यूएसबी केबलच्या टोकाने चोरीला गेल्या. त्याच कंपन्यांच्या इथल्या गाड्या त्यातून वाचल्या.) बाहेरच्या स्टार्टरला या इमोबिलायझरची समजूत घालावी लागते, तोच बायपास. चांगली पद्धत म्हणजे त्या गाडीसाठी प्रोग्रॅम केलेलं डेटा मॉड्यूल. फोर्टिन, आयडेटालिंक अशा कंपन्या ते बनवतात. वाईट पद्धत म्हणजे तुमची जादा किल्ली किंवा तिची चिप एका डबीत घालून डॅशबोर्डखाली कायमची ठेवणं. तुम्ही दुकानात दोन किल्ल्या दिल्या आणि परत एकच मिळाली, तर दुसरी कुठे गेली ते ओळखा. काही जुन्या मॉडेलना दुसरा मार्ग नसतो, पण मग तो स्टार्टर नकोच, असं मी म्हणेन.

नीट बसवलेल्या स्टार्टरची एक चाचणी दुकानातच करून घ्या. रिमोटने गाडी सुरू करा, किल्ली काउंटरवरच ठेवा, कुणाला तरी दार उघडून ब्रेक दाबायला सांगा. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं पाहिजे. मग बॉनेट उघडा आणि रिमोट दाबा. गाडी सुरू होताच कामा नये. बॉनेटखाली हात घातलेला असताना इंजिन फिरलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको, आणि बॉनेट उघडं असल्याचं स्टार्टरला कळवणारी छोटी पिन बसवायचा कंटाळा करणारे लोक आहेत. बटण दाबून सुरू होणाऱ्या काही गाड्यांत किल्ली खिशात असली तरी दार उघडताच इंजिन बंद होऊन पुन्हा सुरू करावं लागतं. तो दोष नसतो, पण आधी विचारून ठेवलं तर नंतर चिडचिड होत नाही.

गाडी मॅन्युअल गिअरची असेल तर मी स्टार्टरच्या वाटेला जाणार नाही. आपल्यापैकी कित्येकांना घाटात, चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी करायची सवय भारतापासून लागलेली असते, आणि गिअरमधली गाडी रिमोटने सुरू केली तर ती पुढे उसळते. मॅन्युअलसाठी वेगळी पद्धत असते: न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन चालू ठेवून बाहेर पडायचं, दार लागल्यावर ते बंद होतं. पण ती पद्धत रोज, न चुकता, घरातल्या प्रत्येकाने पाळावी लागते.

अलार्म नेमकं काय करतो?

धक्का लागला, काच फुटली, दार जबरदस्तीने उघडलं की अलार्म वाजतो. गाडीतली बॅग किंवा लॅपटॉप उचलणाऱ्या भुरट्या चोराला पळवायला तो चांगला. रस्त्यावर गाडी लावत असाल, आधी काच फुटली असेल, तर घ्या. धक्का ओळखणाऱ्या सेन्सरसोबत गाडी तिरकी झाल्याचं ओळखणाराही असू द्या. चाकं काढणारे आणि टो करून नेणारे त्यातच सापडतात.

पण ओंटारियोत ज्या चोरीची भीती आहे ती वेगळी. होंडा सीआर-व्ही, टोयोटा हायलँडर, राव-फोर, लेक्सस आरएक्स अशा गाड्या रात्री ड्राइव्हवेवरून उचलायच्या, कंटेनरमध्ये घालायच्या आणि माँट्रियल बंदरातून परदेशी धाडायच्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये ओंटारियो पोलिसांनी त्या बंदरातून सुमारे ६०० चोरीच्या गाड्या परत मिळवल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत याच विषयावर ओटावात राष्ट्रीय परिषदही झाली होती. हे चोर काच फोडत नाहीत. दाराजवळच्या खुंटीवर टांगलेल्या किल्लीचा सिग्नल यंत्राने लांबवून गाडी उघडतात, किंवा पुढच्या दिव्यामागच्या वायरींतून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात शिरतात. गाडीला वाटतं, मालकानेच दार उघडलं.

अलार्मची मेख इथे आहे. वेगळा रिमोट बाळगायला नको म्हणून बहुतेक एकत्र संच असे जोडलेले असतात की कंपनीच्या किल्लीने दार उघडलं की अलार्मही आपोआप बंद होतो. म्हणजे चोराने किल्लीची नक्कल करून दार उघडलं तर तुमचा अलार्म त्याला मुकाट्याने आत सोडतो. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: "कंपनीच्या किल्लीने अनलॉक केलं तर अलार्म बंद होतो का?" उत्तर "हो" असेल तर त्या जादा पैशांत या चोरीपासून संरक्षण मिळत नाही. स्वतःच्या वेगळ्या रिमोटनेच बंद होणारा अलार्म थोडा गैरसोयीचा असतो, पण उपयोगी तोच.

मग खऱ्या चोरीला अडवायचं कशाने? स्वतंत्र इमोबिलायझरने. इग्लासारखी यंत्रणा गाडीच्या डेटा वायरिंगवर बसते. स्टिअरिंगवरची किंवा काचेची नेहमीची बटणं तुम्ही ठरवलेल्या क्रमाने दाबल्याशिवाय गाडी हलत नाही. ना सायरन, ना दिवा, ना वेगळी किल्ली. ५०० डॉलरच्या वर जाते, पण वरच्या यादीतली गाडी असेल तर अलार्मचे पैसे मी इथेच वळवीन. स्टार्टर आधीच असेल तर दोन्ही एकमेकांशी जुळतात ना, हे लेखी घ्या. नीट जुळलं तर रिमोटने इंजिन सुरू होतं, काच वितळते, पण गिअर टाकून निघायला क्रम दाबावाच लागतो. एवढा खर्च नको असेल तर स्टिअरिंगला लावायचा जाड लोखंडी दांडा आणि किल्ल्यांसाठी सिग्नल अडवणारी पिशवी, दोन्ही स्वस्तात होतं आणि चोराचा वेळ खातं. ट्रॅकर चोरी थांबवत नाही, गाडी शोधायला मदत करतो. मात्र काही विमा कंपन्या जास्त चोरी होणाऱ्या मॉडेलवर तो मागतात किंवा नसेल तर जादा हप्ता लावतात. म्हणून आधी विमा एजंटला फोन करा, मग दुकानात जा.

थोडक्यात निवड अशी. साधी सेडान, घरासमोर ड्राइव्हवे: नुसता स्टार्टर. रस्त्यावर पार्किंग, सामान गाडीत राहतं: स्टार्टर आणि वेगळ्या रिमोटचा अलार्म. मागणी असलेली एसयूव्ही: कंपनीचा स्टार्टर असेल तर तोच ठेवा आणि इमोबिलायझर घ्या. विनिपेग किंवा एडमंटनला असाल, उणे ३० ला गाडी बाहेर राहत असेल, तर सगळ्यांच्या आधी ब्लॉक हीटर, म्हणजे विजेच्या प्लगला जोडून इंजिन गरम ठेवणारा हीटर. तो निघण्याच्या दोनेक तास आधी टायमरने चालू झाला की पुरे.

दोन गोष्टी कायद्याच्या आणि जिवाच्या. टोरांटो शहरात तासाभरात एक मिनिटापेक्षा जास्त वेळ गाडी नुसती चालू ठेवायला मनाई आहे, म्हणून पंधरा मिनिटांचा अवधी लावून ठेवू नका. आणि घराला जोडलेल्या बंद गॅरेजमध्ये रिमोट कधीही दाबू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो भिंतीपलीकडच्या खोलीत सहज पोचतो. गाडी गॅरेजमध्येच राहत असेल तर मुळात स्टार्टरची गरज किती, हाही विचार करा.

शेवटचा मुद्दा डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांसाठी. गाडी बंद असतानाही स्टार्टर, अलार्म आणि मोबाइल मॉड्यूल थोडी थोडी वीज खातात. गाडीच्या स्वतःच्या खर्चासकट ५० मिलीअँपिअर धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. ६० अँपिअर-तासाची बॅटरी सहा आठवड्यांत जवळजवळ रिकामी होते, आणि कडाक्याच्या थंडीत तिची ताकद तशीही निम्म्यावर येते. मग अलार्मही मुका आणि ट्रॅकरही. जाण्याआधी बॅटरी मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावून ठेवा, किंवा शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास फिरवायला सांगा आणि इमोबिलायझरचा क्रम त्याला शिकवून जा.