दिल्लीत एकच दिवस: लाल किल्ला की तीन मूर्ती भवन?

जुनी वास्तू नीट करून तिच्यात उभारलेलं नव्या धाटणीचं संग्रहालय पाहायचंय आणि दिल्लीत हाताशी एकच दिवस आहे, तर यातलं कुठलं? सोमवारी दोन्ही बंद असतात, तेवढा वार आधी बघून घ्या.

तीन मूर्ती भवन १९३० साली ब्रिटिश सरसेनापतींसाठी बांधलं गेलं. नेहरू पंतप्रधान असताना १९६४ मध्ये वारले ते याच घरात. एप्रिल २०२२ मध्ये ही वास्तू आणि शेजारची नवी इमारत मिळून प्रधानमंत्री संग्रहालय खुलं झालं. दालनं ४३. आभासी हेलिकॉप्टरची सफर, पंतप्रधानांसोबत चालल्याचा फोटो, हात लावताच बोलते होणारे पडदे. शाळकरी मुलं बरोबर असतील तर दुसरा विचार नको, इथेच या. फक्त नेहरूंच्या खोल्यांपाशी जरा रेंगाळा. पडद्यांच्या नादात त्या राहून जातात.

लाल किल्ला मात्र मुळातला राजवाडा, शाहजहानने १६४८ मध्ये पुरा केलेला. १८५७ नंतर इंग्रजांनी आतले बरेच महाल पाडून बराकी उभ्या केल्या, आणि त्याच बराकींमध्ये २०१९ पासून १८५७चा उठाव, जालियनवाला बाग, नेताजी आणि आझाद हिंद सेना यांची संग्रहालयं आहेत. नेताजींची लाकडी खुर्ची आणि तलवार इथे पाहायला मिळते. १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला याच किल्ल्यात चालला. बचावाची धुरा भुलाभाई देसाईंकडे होती आणि नेहरूही कित्येक वर्षांनी बॅरिस्टरचा झगा चढवून आले होते. हे वाचून बाहेर पडलं की तीच जमीन पायाखाली असते! पडदा कितीही चांगला असला तरी हे त्याला साधत नाही, म्हणून मोठ्यांना मी लाल किल्लाच सांगेन.

मराठी माणसाने किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासमध्ये, म्हणजे बादशहाच्या खास दरबारात, मान वर करून छत जरूर पाहावं. तिथलं चांदीचं छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढून वितळवलं. फौज पोसायला पैसा नव्हता. पानिपत अवघ्या काही महिन्यांवर होतं.

किल्ल्यात चालणं भरपूर आहे आणि सावली कमी; गुडघे दुखत असतील तर तीन मूर्ती बरं. लाल किल्ल्याला मेट्रो जवळ, तीन मूर्तीला लोक कल्याण मार्ग स्थानकावर उतरून रिक्षा करा. किल्ल्याचं तिकीट मात्र संग्रहालयांसहितचं मागून घ्या.