दुर्बिणीलाच बांधलेली सावली: उन्हाळाभर सूर्य बघितल्यानंतरचा अनुभव

आमचं गाव दारव्ह्याकडचं, जिल्हा यवतमाळ. मार्च लागला की इथे दहानंतर अंगणात थांबवत नाही, आणि मला तर सूर्यावरचे डाग रोज बघायचे असतात. डागांचा एखादा गट बिंबाच्या पूर्व कडेवर दिसला की पश्चिम कडेला जाईपर्यंत १३-१४ दिवस लागतात. मधला एक दिवस चुकला तरी त्याचं रूप पार बदललेलं असतं. म्हणून सावलीचा प्रश्न मी मनावर घेतला. जे जे करून पाहिलं, त्यातलं काय टिकलं ते सांगतो.

दुर्बीण साधी, ८० मिलिमीटर भिंगाची. तोंडावर सोलर फिल्म, डोळ्यांनी बघण्यासाठीची, म्हणजे उजेडाचा जेमतेम एक लाखावा भाग आत सोडणारी.

पहिला उपाय कोणालाही सुचेल तोच, मांडव. चार बल्ल्या, वर पऱ्हाट्या आणि कृषी केंद्रातून आणलेली हिरवी शेडनेट. बसायला छान, पण या कामाला निरुपयोगी. दुर्बिणीला ऊन हवं आणि तिच्यापासून हातभर अंतरावरच्या माझ्या डोक्याला सावली. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे दोन मीटर उंचीवरच्या जाळीची सावली भर दुपारी तासाभरात अर्धा मीटर पुढे जाते. खुर्ची सरकवा, तिपाई सरकवा, पुन्हा सूर्य शोधा, यातच वेळ जातो. जाळीतून येणारे कवडसे डोळ्यांवर नाचतात ते वेगळंच. खुर्चीला बांधलेल्या छत्रीचीही तीच गत.

खरा उपाय आहे तो दुर्बिणीवर बसवायच्या ढालीचा. सूर्य बघताना नळीचं तोंड कायम सूर्याकडेच असतं. त्यामुळे नळीच्या पुढच्या टोकाला आडवा पत्रा बसवला, तर त्याची सावली बरोबर मागे, आयपीसवरच, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावरच पडणार, सकाळी आठला आणि दुपारी बारालाही. दुर्बीण फिरली की सावलीही तिच्याबरोबर फिरते. आधी पुठ्ठ्याची केली होती, आता सनपॅकची आहे, बॅनरवाल्यांकडे मिळतो तो पन्हाळी प्लास्टिकचा पत्रा. हलका असतो आणि घामाच्या हातांनी खराब होत नाही. आकार साधारण ६० सेंटिमीटर चौरस. नळीसाठीचं भोक मात्र मधोमध पाडू नका. काटकोनी आरशातून बघताना डोकं नळीच्या रेषेत नसतं, वीतभर बाजूला असतं, म्हणून त्या बाजूला पत्रा जास्त सोडायचा. पुढची बाजू पांढरी, मागची काळी. काळी बाजू महत्त्वाची आहे, कारण जमिनीवरून उसळलेला उजेड पांढऱ्या पत्र्यावरून परत डोळ्यांत येतो.

ढाल नळीवरच घट्ट बसवायची, फिल्मच्या चौकटीवर कधीच नाही. वारा ढालीला ओढतो, आणि ढालीबरोबर फिल्म निघाली तर डोळा क्षणात जाईल. मी जुन्या स्लीपरच्या रबराचे तुकडे पाचरीसारखे ठोकलेत. फिल्मची चौकट वेगळ्या टेपने बांधलेली असते आणि रोज ती उन्हाकडे धरून बारीक छिद्रं तपासतो. फाइंडर, म्हणजे नेम धरायची नळीवरची छोटी दुर्बीण, काढूनच ठेवलाय.

ढालीमुळे एक अडचण येते. एरवी नळीची सावली लहानात लहान करून सूर्य सापडतो, ढालीच्या सावलीत ती नळीची सावलीच दिसेनाशी होते. त्यावर तोडगा ढालीतच आहे: तिला सुईने एक छिद्र, आणि मागे अर्ध्या मीटरवर नळीला पांढऱ्या कार्डाचा तुकडा. छिद्रातून कार्डावर सूर्याचं साडेचार मिलिमीटरचं बिंब पडतं. एकदा दुर्बिणीत सूर्य मधोमध आणून त्या बिंबाभोवती पेन्सिलीने गोल काढला की पुढे फाइंडरची गरजच उरत नाही. हे मला अख्ख्या खटाटोपात सगळ्यात आवडलेलं आहे.

पुढचं टोक जड होतं, म्हणून मागे वाळूची पुरचुंडी लटकवतो. एप्रिल-मेच्या दुपारी वावटळी उठतात, तेव्हा ढाल काढून ठेवतो, सूर्य उद्याही असतो.

ढालीच्या जोडीला कापड लागतंच. जुन्या धोतराचा पांढरा पदर वर, छत्रीचं काळं कापड आत, दोन्ही शिवून डोक्यावर आणि आयपीसवर ओढायचं. सावली म्हणजे नुसता आराम, असं मला वाटायचं. पण डोळ्याभोवती अंधार झाला की बिंबाच्या कडेजवळचे फिकट उजळ पट्टे दिसायला लागतात, आणि हवा शांत असेल तर पृष्ठभागाचा दाणेदारपणाही जाणवतो. उघड्या उन्हात तेच बिंब सपाट दिसतं. मे महिन्यात मात्र कापडाखाली पाच मिनिटांवर टिकाव लागत नाही, घाम आयपीसवर पडतो. कपाळाला दुपट्टा बांधणं हाच इलाज. काकू रोज ओरडते, "एवढ्या उन्हात कायले उभा राह्यतं रे? डोक्शाले दुपट्टा बांध आधी!" तिचं बरोबर आहे. ढाल तोंडाला सावली देते, खांद्यांना आणि हातांना नाही. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि ताकाचा गडवा जवळ हवाच.

मेच्या चौथ्या आठवड्याच्या आसपास आमच्याकडे सूर्य सव्वाबाराच्या सुमारास थेट डोक्यावर येतो. तेव्हा नळी उभी होते, ढाल छत्रीसारखी वर येते आणि सावली सगळ्यात चांगली मिळते. चित्र मात्र उकळत असतं. तापलेली गच्ची किंवा टिनाचं छप्पर जवळ असेल तर डागांच्या कडा ठरतच नाहीत. सकाळी आठ ते दहा, सडा टाकलेल्या मातीच्या अंगणात, इतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच वेळी दिसलं नाही. सावली कितीही चांगली केली तरी वेळ हीच पाळा.

नव्याने करणाऱ्यांनी आधी पुठ्ठ्याची ढाल करून भोकाची जागा ठरवावी, मग सनपॅक कापावा. आषाढात ढगांतून ऊन डोकावतं तेव्हाही ही ढाल दोन मिनिटांत चढते. फिल्म मात्र पावसाळ्यात डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत ठेवा.